डबल मार्करमध्ये ‘हाय रिस्क’ आलं, आता पुढे काय?

डबल मार्कर ही गरोदरपणातली रक्ततपासणी. तिचा रिपोर्ट बहुधा संध्याकाळी येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, त्यात एक ओळ लाल, आणि त्या ओळीत ‘हाय रिस्क’ व १:१८० असा आकडा. डॉक्टरांची ओपीडी संपलेली असते, मग रात्रभर मोबाइल आणि आपण. ही रात्र टळत नाही. पण सकाळी कुठल्या क्रमाने काय करायचं हे ठाऊक असेल तर पुढचे पंधरा दिवस हातातून निसटत नाहीत. या सगळ्या प्रकरणात दोनच गोष्टींवर आपला ताबा असतो: रिपोर्टमधलं गणित बरोबर आहे का हे पाहणं, आणि आठवडे वाया न घालवणं.

आकडा वाचायचा कसा

डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातली दोन द्रव्यं मोजतात, फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए. दोन्ही वारेतून येतात. या तपासणीत बाळाच्या गुणसूत्रांना कोणी हातही लावलेला नसतो. ही दोन मापं, आईचं वय, वजन आणि सोनोग्राफीत मोजलेली बाळाच्या मानेमागच्या पातळ पाण्याची जाडी (तिलाच एनटी म्हणतात) एकत्र करून संगणक एक शक्यता काढतो.

१:१८० म्हणजे असेच आकडे आलेल्या १८० गरोदर बायका एका मंगल कार्यालयात बसवल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम (एकविसावं गुणसूत्र एक जास्त असणं) असेल आणि १७९ जणींच्या बाळाला नसेल. टक्केवारीत हे सुमारे ०.५६ होतं. बहुतेक लॅब १:२५० ही रेघ धरतात. २५० किंवा त्याहून लहान आकडा आला की लाल अक्षर, २५१ आला की हिरवं. निसर्गात अशी रेघ कुठेच नसते, ती तपासणी चालवणाऱ्यांनी सोयीसाठी ओढलेली आहे. हजार बायकांची तपासणी केली तर पन्नासच्या आसपास जणींना ‘हाय रिस्क’ येतं, आणि त्यांतल्या एक-दोघींच्याच बाळात खरोखर दोष निघतो. उलट बाजूही ध्यानात असू द्या. ‘लो रिस्क’ हीसुद्धा हमी नाही. एनटीसह केलेला डबल मार्कर शंभरातली ८५ ते ९० डाऊन बाळं हेरतो, उरलेली त्याच्या नजरेतून सुटतात.

रिपोर्टवर सहसा तीन वेगवेगळे आकडे असतात आणि लोक नेमका चुकीचा बघून घाबरतात. पहिला फक्त वयाचा धोका: विशीत तो साधारण १:१५००, पस्तिशीत १:३५० च्या आसपास, चाळिशीत १:१००. दुसरा ‘बायोकेमिकल रिस्क’, म्हणजे वय आणि रक्त, पण एनटी न धरता. तिसरा ‘कम्बाइन्ड रिस्क’. विचार करायचा तो फक्त तिसऱ्याचा. तिसरा आकडा रिपोर्टवर नसेलच, तर लॅबने एनटी धरलेलीच नाही. एनटीचा रिपोर्ट पाठवून आकडा पुन्हा काढून मागा.

द्रव्यांच्या पुढे एमओएम असं लिहिलेलं असतं. त्या आठवड्याच्या मधल्या मापाच्या किती पट, एवढाच त्याचा अर्थ. १ म्हणजे अगदी मधलं. डाऊनमध्ये बीटा एचसीजी दुपटीकडे झुकतं आणि पॅप-ए निम्म्यावर येतं. ट्रायसोमी १८ मध्ये, म्हणजे अठरावं गुणसूत्र एक जास्त असेल तर, दोन्ही खाली जातात.

सकाळी पहिलं काम: लॅबचा फॉर्म तपासा

हे काम कोणी सांगत नाही, आणि कित्येकदा सगळी गफलत इथेच निघते. रिपोर्टच्या वरच्या भागात तुमची माहिती छापलेली असते. पेन घेऊन एकेक ओळ ताडून पाहा.

आधी आठवडे. ते शेवटच्या पाळीवरून धरले आहेत की सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरून? ही लांबी सीआरएल म्हणून मिलीमीटरमध्ये लिहितात आणि डबल मार्करसाठी ती ४५ ते ८४ मिमी असावी लागते, म्हणजे ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस. पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल, किंवा तारीख ‘गणपतीच्या आधी कधीतरी’ अशी आठवून सांगितली असेल, तर पाळीवरचे आठवडे सोडून द्या आणि सीआरएलवरचे धरायला सांगा. याचं कारण साधं आहे. या दिवसांत पॅप-ए दर आठवड्याला वाढत जातं आणि बीटा एचसीजी उतरत जातं. बाळ खरं अकरा आठवड्यांचं असताना फॉर्मवर तेरा लिहिले, तर पॅप-ए कमी आणि एचसीजी जास्त दिसणार. डाऊनचा साचा हुबेहूब तयार, आणि बाळात काहीच नाही!

मग वजन. ते रक्त घेतलेल्या दिवशीचं लागतं. लग्नातलं किंवा अंदाजे ‘साठ’ चालत नाही. वजन जास्त असलेल्या बाईत ही द्रव्यं विरळ होतात आणि संगणक त्याची भरपाई करतो. पाच-सात किलोंची चूक सीमेवरचा आकडा इकडून तिकडे नेऊ शकते.

जन्मतारीख पाहा. आयव्हीएफ झालं असेल तर बीज कोणाचं आणि ते घेतलं तेव्हाचं वय काय, हे लागतं. दात्या स्त्रीचं बीज असेल तर तिचं वय धरायचं. चाळीस वर्षांच्या आईने पंचवीस वर्षांच्या दात्याचं बीज घेतलं आणि फॉर्मवर चाळीस लिहिलं, तर रिपोर्ट लाल येणारच. इन्शुलिन लागणारा मधुमेह, तंबाखू-सिगारेट, जुळी, आधीच्या बाळात गुणसूत्रांचा दोष, हे रकाने रिकामे राहिले आहेत का तेही बघा. जुळ्यांपैकी एक गर्भ सुरुवातीलाच विरघळून गेला असेल तर तसं आवर्जून सांगा.

चूक सापडली तर नवीन रक्त द्यावं लागत नाही. त्याच नमुन्याचे आकडे नव्या माहितीवर पुन्हा गणित करून लॅब सुधारित रिपोर्ट देते. बहुधा एका दिवसात मिळतो.

काही सापडलं नाही तर रिपोर्ट जसा आहे तसा खरा मानायचा आणि पुढे निघायचं. ‘दुसऱ्या लॅबमध्ये परत डबल मार्कर करून बघू’ हा मार्ग घेऊ नका. दुसरा आकडा थोडा वेगळा येणारच. मग दोन्हींतला गोड आकडा आपण खरा मानतो आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक

‘थांबू या, सोळाव्या आठवड्यात क्वाड्रुपल मार्कर करू, तो नॉर्मल आला तर काळजी नको.’ हा सल्ला अजूनही दिला जातो. क्वाड्रुपलमध्ये एएफपी, एचसीजी, इस्ट्रिऑल आणि इनहिबिन-ए मोजतात. तो साधारण ८० टक्के डाऊन बाळं पकडतो, म्हणजे एनटीसह केलेल्या डबल मार्करपेक्षा कमीच. बारीक चाळणीत अडकलेला खडा मोठ्या भोकांच्या चाळणीने तपासल्यासारखं झालं. वर तीन-चार आठवडे गेले, आणि वारेचा तुकडा घेऊन लवकर निदान करायची वेळही निघून गेली. क्वाड्रुपल आहे तो पहिल्या तिमाहीत तपासणी राहून गेलेल्यांसाठी. ‘हाय रिस्क’च्या पुढची पायरी तो नव्हे.

क्वाड्रुपलच ‘हाय रिस्क’ आला असेल तर वर सांगितला तसा त्याचाही फॉर्म ताडून पाहा, कारण आठवड्यांची चूक तिथेही तोच खेळ करते. फॉर्मवर आठवडे जास्त पडले की एएफपी आणि इस्ट्रिऑल कमी, एचसीजी जास्त दिसतं. आठवडे कमी पडले तर एएफपी उगाच जास्त दिसतं आणि बाळाच्या पाठीच्या कण्याबद्दल भीती उभी राहते. एएफपी २.५ एमओएमच्या वर असेल तर गुणसूत्रांचा विषय बाजूला ठेवून कणा, डोकं आणि पोटाची भिंत चांगल्या सोनोग्राफीत बघून घ्यायची.

एनआयपीटी की थेट पाणी (गर्भजल) काढून तपासणी?

इथे फीटल मेडिसिन तज्ज्ञ, म्हणजे पोटातल्या बाळाचे दोष तपासणारा डॉक्टर, गाठावा. नेहमीच्या सोनोग्राफी डॉक्टरांपेक्षा हे वेगळे. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथे ते भेटतात. तालुक्याला राहत असाल तर आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जा आणि भेट त्याच आठवड्यात मिळवा. जाताना मूळ रिपोर्ट, सोनोग्राफीचे सगळे कागद आणि फोटो, रक्तगट, आधार कार्ड न्या. सोबत दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची माहिती एका कागदावर लिहून न्या: कोणाची मुलं दगावली, कोणाला मतिमंदत्व किंवा जन्मजात दोष, कोणाचे वारंवार गर्भपात, नात्यात लग्नं कुठे झाली. मामेबहीण-आतेभाऊ असं तुमचं लग्न असेल तर ते नक्की सांगा. डाऊनचा त्याच्याशी संबंध नाही, पण दोन्हीकडून एकच जनुक आल्यामुळे होणाऱ्या आजारांचा आहे.

एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तात फिरणारे वारेचे डीएनएचे तुकडे मोजणं. दहाव्या आठवड्यापासून करता येतं, दंडातून रक्त घेतात, रिपोर्टला सात ते दहा दिवस लागतात, खर्च बहुतेक ठिकाणी दहा हजारांच्या पुढे. ट्रायसोमी २१ साठी, म्हणजे डाऊनसाठी, ही तपासणी ९९ टक्के प्रकरणं पकडते. ऐकायला हे निदानासारखं वाटतं, पण आहे चाळणीच, फक्त बारीक जाळीची. पंचविशीतल्या, बाकी काही धोका नसलेल्या बाईत ट्रायसोमी २१ चा पॉझिटिव्ह रिपोर्ट साधारण निम्म्या वेळाच खरा ठरतो, चाळिशीत दहापैकी नऊ वेळा. ट्रायसोमी १३ मध्ये तो याहून अधिक वेळा चुकतो. कारण डीएनए वारेचा असतो, आणि कधी कधी दोष वारेत असतो, बाळात नसतो. म्हणून निव्वळ एनआयपीटी पॉझिटिव्ह आलं एवढ्यावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये. पाणी तपासून खात्री करायलाच हवी.

रिपोर्टवर ‘फीटल फ्रॅक्शन’ (रक्तातल्या डीएनएत वारेचा वाटा) शोधा. ते साधारण ४ टक्क्यांच्या खाली असेल तर नमुना अपुरा. वजन जास्त असेल किंवा रक्त फार लवकर घेतलं असेल तर असं होतं. ‘रिझल्ट नाही’ असा रिपोर्ट आला तर पुन्हा रक्त देत बसायचं की थेट पाणी काढायचं, हे किती आठवडे झालेत त्यावर ठरतं. आणि लॅबवाले ‘आणखी थोड्या पैशांत मायक्रोडिलीशन पॅनेल’ (गुणसूत्रांचे बारीक तुकडे गळालेत का हे पाहणं) विकतात, ते घेऊ नका. दुर्मीळ दोषांत तिथले बहुतेक पॉझिटिव्ह खोटे निघतात आणि नवीन भीती तेवढी विकत मिळते.

मग निवड कशी करायची? कम्बाइन्ड रिस्क १:५० किंवा त्याहून जास्त (म्हणजे ५० किंवा त्याहून लहान आकडा), एनटी ३.५ मिमी किंवा वर, सोनोग्राफीत एखादा अवयव नीट न घडलेला, किंवा पॅप-ए ०.२ एमओएमच्याही खाली: यांतलं काहीही असलं तर एनआयपीटीत वेळ घालवू नये, थेट निदानाच्या तपासणीकडे (वारेचा तुकडा किंवा पाणी घेणं) जावं. जाड एनटीमागे एनआयपीटीला दिसतच नाहीत असे दोष असू शकतात. त्यात हृदयाचेही आलेच, म्हणून गुणसूत्रं नॉर्मल आली तरी पुढे बाळाच्या हृदयाची इको करावी लागते. रिस्क १:५० ते १:२५० च्या मध्ये, सोनोग्राफी स्वच्छ आणि अजून पंधरावा आठवडाही लागलेला नाही, तर एनआयपीटी हा शहाणा पर्याय आहे. अठरा आठवडे होऊन गेले असतील तर मात्र सरळ पाणी काढणं बरं, कारण पॉझिटिव्ह आल्यावर पुन्हा तेच करायचं आहे.

पाणी काढतात तेव्हा नेमकं काय होतं

सीव्हीएस म्हणजे वारेचा बारीक तुकडा घेणं, ते ११ ते १४ आठवड्यांत. अ‍ॅम्निओसेंटेसिस म्हणजे गर्भजल काढणं, ते पंधरा-सोळाव्या आठवड्यापासून पुढे. भूल देऊन झोपवत नाहीत, उपाशी राहावं लागत नाही. आधी रक्तगट, एचआयव्ही आणि कावीळ बीच्या तपासण्या मागतात. तुम्ही टेबलावर उताण्या, पोटावर जंतुनाशक औषध. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ आणि वारेपासून दूर असलेली पाण्याची मोकळी जागा शोधतात आणि पाठीतल्या इंजेक्शनला वापरतात तसली लांब, बारीक सुई आत जाते. सुई पोटाच्या कातडीतून जाताना टोचल्यासारखं, गर्भाशयाच्या भिंतीतून जाताना पाळीत येते तशी कळ. पहिले एक-दोन मिली पाणी टाकून देतात, कारण त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. मग १५ ते २० मिली फिकट पिवळसर पाणी घेतात. सुई आत असते ती एक-दोन मिनिटं. बाहेर आल्यावर बाळाचे ठोके पडद्यावर दाखवतात. नाही दाखवले तर दाखवायला सांगा.

गर्भपाताचा धोका जुन्या पुस्तकांत एक टक्का लिहिलेला असायचा. आज अनुभवी हातांत तो अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. ‘तुम्ही वर्षाला किती करता?’ हे डॉक्टरांना विचारायला अजिबात लाजू नका.

त्या दिवशी घरी आराम, दोन दिवस जड उचलणं आणि लांबचा प्रवास टाळायचा. आठवडाभर अंथरुणाला खिळून राहण्याचा काहीच उपयोग होत नाही. हलक्या कळा चालतात. अंगावरून पाण्यासारखं जाणं, रक्त, ताप, वाढत्या कळा, यांपैकी काही झालं तर रात्र असली तरी दवाखाना. रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन. हे विसरलं जातं, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

नमुना कोणत्या तपासण्यांसाठी पाठवताय हे आधी ठरवा. क्यूएफ-पीसीआर किंवा फिश दोन-तीन दिवसांत २१, १८, १३ या गुणसूत्रांचं उत्तर देतात. मायक्रोअ‍ॅरे बारीक तुटफूटही दाखवतो, त्याला दोन-तीन आठवडे. कॅरियोटाइपलाही (सूक्ष्मदर्शकाखाली सगळी गुणसूत्रं पाहणं) साधारण तेवढेच. सोनोग्राफीत काही दिसलं असेल तर नुसत्या कॅरियोटाइपवर थांबू नका, मायक्रोअ‍ॅरे मागा.

सुई टोचण्याआधी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या, कायद्याखालच्या फॉर्मवर सही घेतात. तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. मराठीत मागा. लिंग रिपोर्टवर येत नाही आणि विचारणंही गुन्हा. गर्भलिंगनिदानावर देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने कायदा केला. केंद्राचा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. या कडकपणामुळे फीटल मेडिसिन केंद्रात कागदपत्रं जास्त भरावी लागतात. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

अ‍ॅनोमली स्कॅनमधले बारीक ठिपके

१८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत ‘हृदयात पांढरा ठिपका’, ‘मेंदूत कोरॉइड सिस्ट’, ‘किडनीत थोडं पाणी’ असं काही लिहून येतं आणि घरात सुतक पसरतं. डबल मार्कर किंवा एनआयपीटी नॉर्मल असेल आणि एकटाच ठिपका किंवा एकटीच सिस्ट असेल तर काहीही करायची गरज नसते. कोरॉइड सिस्ट बहुधा २८ आठवड्यांपर्यंत आपोआप जातात. किडनीतलं पाणी ४ मिमीच्या वर असेल तर ३२ आठवड्यांना एकदा पुन्हा बघतात. पण मानेमागची कातडी ६ मिमी किंवा जास्त, नाकाचं हाड न दिसणं, मेंदूतल्या पोकळ्या १० मिमी किंवा जास्त, या गोष्टी हलक्यात घ्यायच्या नाहीत. दोन-तीन खुणा एकत्र आल्या तरी तसंच.

हा स्कॅन बाविसाव्या आठवड्यापर्यंत लांबवू नका, एकोणिसाव्यात करा. हिशोब मांडून पाहा: एकोणिसाव्या आठवड्यात काही दिसलं, विसाव्यात पाणी काढलं, तेविसाव्यात पूर्ण उत्तर. बाविसाव्यात सुरू केलं तर उत्तर यायच्या आत चोविसावा उलटतो.

चोविसाव्या आठवड्याची रेघ

एमटीपी, म्हणजे गर्भपाताचा, कायदा १९७१ चा. २००८ मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याने बाळाच्या हृदयातल्या दोषामुळे गर्भपाताची परवानगी मागितली, तेव्हा मर्यादा २० आठवडे होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. त्या खटल्यानंतर देशभर चर्चा पेटली. दुरुस्ती २०२१ मध्ये आली आणि २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि गर्भातला गंभीर दोष हे त्यासाठी मान्य कारण आहे. बाळात मोठा दोष असेल तर २४ च्या पुढेही दार बंद नाही, पण शासकीय वैद्यकीय मंडळाचं मत लागतं. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं आणि परवानगी मिळाली तर अर्जापासून पाच दिवसांत प्रक्रिया व्हायची, असं नियमांत आहे. अशी मंडळं मुंबईत जे.जे., पुण्यात ससून अशा शासकीय रुग्णालयांत बसतात. मंडळाने ‘आता फार उशीर झाला’ म्हणून नाही म्हटलं तरी न्यायालयाचा रस्ता उरतो. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३२ आठवडे उलटलेल्या एका बाईला, मंडळाचं मत विरोधात असूनही, निर्णयाचा हक्क तिचाच आहे असं सांगून परवानगी दिली.

सही फक्त तुमची लागते. अठरा पूर्ण असतील तर नवरा, सासू, वडील, कोणाचीही संमती कायदा मागत नाही. दवाखाना मागत असेल तर ती त्यांची पद्धत झाली.

बाळ ठेवायचं की नाही, हे ठरवताना निदानाचं नाव नीट समजून घ्या. डाऊनमध्ये एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं. मुलं उशिरा चालतात-बोलतात, बहुतेकांना सौम्य ते मध्यम बौद्धिक अपंगत्व असतं, जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो आणि त्यातल्या बऱ्याच दोषांवर शस्त्रक्रिया होते. ही माणसं पन्नाशी-साठीपर्यंत जगतात. ट्रायसोमी १८ आणि १३ ची गोष्ट वेगळी, तिथे बहुतेक बाळं पहिलं वर्षही पुरं करत नाहीत. डाऊनचं बाळ वाढवायचं ठरवलंत तर जिल्हा रुग्णालयातलं लवकर हस्तक्षेप केंद्र (डीईआयसी), यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि नॅशनल ट्रस्टची वर्षाला एक लाखापर्यंतची ‘निरामय’ विमा योजना, यांची चौकशी जन्माआधीच करून ठेवा. डाऊनच्या मोठ्या मुलांच्या आईवडिलांना एकदा भेटा. दवाखान्यातल्या चर्चेत न कळणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथे दिसतात.

थांबवायचं ठरलं तर वीस आठवड्यांनंतरची प्रक्रिया बाळंतपणासारखीच असते: गोळ्या, कळा, एक-दोन दिवस दवाखाना. तीन-चार दिवसांनी दूध येऊ शकतं. त्याची कल्पना कोणी देत नाही आणि तो धक्का फार खोल बसतो. दूध थांबवायची गोळी आधीच मागून ठेवा. गर्भाची तपासणी आणि डीएनए जपून ठेवणं यांबद्दलही आधीच बोला, नंतर ती वेळ परत येत नाही. पुढच्या खेपेचा सल्ला त्याच कागदांवर अवलंबून असतो. नेहमीचा ट्रायसोमी २१ असेल तर तरुण आईत तो पुन्हा होण्याची शक्यता साधारण एक टक्का असते. ट्रान्सलोकेशन (जास्तीचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला) निघालं तर नवरा-बायको दोघांचीही कॅरियोटाइप करावी लागते.

मधले दिवस

रिपोर्टची वाट पाहण्याचे आठ-दहा दिवस सगळ्यांत लांब. घरात कोणाला सांगायचं हे दोघांनी मिळून ठरवा, आणि फोन घेण्याचं काम एकाच माणसावर सोपवा. दहा मावश्यांना दहादा समजावताना माणूस खचतो. ‘ग्रहणात भाजी चिरलीस’, ‘पपई खाल्लीस’, ‘फार विचार करतेस म्हणून’ हे ऐकावं लागेल. गुणसूत्रांची संख्या साधारणपणे बीज तयार होताना किंवा फळतानाच ठरते, पाळी चुकायच्याही आधी. त्यानंतर तुम्ही काय खाल्लंत, किती रडलात, याने ती बदलत नाही. हे वाक्य सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, तेच जास्त लागू पडतं.

मोबाइलवर शोधायला दिवसातून अर्धा तास ठेवा आणि अंथरुणात तर नाहीच. सापडलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहा, पुढच्या भेटीत वही उघडा. दोन आठवडे झोप-भूक गेलेली असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील तर डॉक्टरांना सांगा, आणि टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं.

नॉर्मल आलं तर

बहुतेकींचं इथेच संपतं, पण फाइल लगेच बंद करू नका. पॅप-ए ०.४ एमओएमच्या खाली असेल तर गुणसूत्रं चांगली असूनही वार थोडी कमजोर असू शकते, पुढे बाळाची वाढ कमी राहण्याची आणि बीपी वाढण्याची शक्यता जास्त. बीपी आणि डॉप्लर (सोनोग्राफीत रक्तप्रवाह पाहणं) पाहून डॉक्टर रोज रात्री १५० मिलीग्रॅम अ‍ॅस्पिरिन देऊ शकतात, ते १६ आठवड्यांच्या आत सुरू केलं तरच नीट काम करतं. म्हणून एनआयपीटीचा रिपोर्ट येईपर्यंत हा प्रश्न लांबवू नका, पहिल्याच भेटीत विचारा. २८ आणि ३२ ते ३४ आठवड्यांना बाळाच्या वाढीची सोनोग्राफी लावून घ्या. आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी झाली आहे का ते एकदा फाइलमध्ये बघा. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार डबल मार्करमध्ये दिसत नाहीत, आणि विदर्भ, नंदुरबार किंवा सिंधी-लोहाणा कुटुंबांत त्यांचा प्रश्न खरा आहे. एचबी ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर किंवा एचबी-एस दिसलं तर त्याच आठवड्यात नवऱ्याचं रक्त तपासायला द्या. दोघंही वाहक निघाले तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता बाळ आजारी असण्याची, आणि ते पाण्यातून किंवा वारेतून तपासता येतं. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था हेच काम करते.